मराठवाड्यात टर्बो पेट्रोल गाडी: आकडे कसे वाचायचे, इंजिन कसं टिकवायचं

मराठवाड्यात लांबच्या रनिंगची गाडी म्हणजे डिझेल, हे कितीतरी वर्षं ठरलेलं होतं. स्विफ्ट डिझेलमधलं १.३ लिटरचं इंजिन ७५ पीएसचंच (पीएस म्हणजे अश्वशक्ती), पण २,००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) १९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, द्यायचं. पाच माणसं, डिकीत आहेराचं सामान, एसी चालू, तरी लातूरहून पुण्याला जाताना गाडी कुठे दमायची नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, मारुतीने डिझेल बंद केलं, स्कोडा-फोक्सवॅगनने लहान गाड्यांतून काढून टाकलं, आणि पर्याय बोटांवर मोजण्याइतके उरले. आता तसा पिकअप मागितला की शोरूममध्ये टर्बो पेट्रोल पुढे केलं जातं, म्हणजे एक्झॉस्टच्या (सायलेन्सरकडे जाणाऱ्या) वायूवर फिरणाऱ्या पंख्याने आत जादा हवा दाबणारं पेट्रोल इंजिन.

ही इंजिनं चांगली आहेत आणि ती घ्यायला मी कुणालाही नको म्हणत नाही. मात्र डिझेलच्या सवयी जशाच्या तशा त्यांना लावल्या की ती लवकर खराब होतात. आपल्याकडे ऐकू येणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी गेलं की बहुतेकदा तीनच गोष्टी सापडतात: चुकीचं किंवा उशिरा बदललेलं ऑइल, न सांभाळलेली उष्णता आणि चुकीच्या गिअरमध्ये दाबलेला ॲक्सिलरेटर. तिन्ही आपल्या हातातल्या आहेत. म्हणून गाडी निवडण्यापासून टर्बो बिघडल्यावर काय करायचं इथपर्यंत सगळं क्रमाने लिहितो.

पायरी १: आधी तुमचं रनिंग बघा

रोजचा वापर घर ते दुकान, दुकान ते बँक, शाळा असा तीन-चार किलोमीटरचा असेल तर टर्बोचे जादा पैसे देऊ नका. एवढ्याशा फेरीत इंजिन ऑइल पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये मिसळत राहते आणि ऑइल पातळ होत जातं. साधं बिनटर्बोचं १.२ लिटर इंजिन हे जास्त सहन करतं.

आठवड्यातून एक-दोनदा तरी शंभर-दीडशे किलोमीटरचा रस्ता असेल, गाडी भरून जात असेल, दुपदरी रस्त्यावर ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या ओलांडाव्या लागत असतील, तर टर्बो पेट्रोल तुमच्यासाठी आहे.

पायरी २: माहितीपत्रकातले आकडे वाचायला शिका

माहितीपत्रकात पीएसचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. त्याच्याकडे शेवटी बघा. आधी टॉर्क बघा आणि तो किती आरपीएमपासून किती आरपीएमपर्यंत मिळतो ते बघा. आपल्या बाजारातली नेहमीची इंजिनं अशी (डायरेक्ट इंजेक्शन आणि एमपीएफआय या पेट्रोल फवारण्याच्या दोन पद्धती, त्यांचा फरक पायरी ३ मध्ये):

- ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सोनेट, १.० टर्बो: ९९८ सीसी, १२० पीएस, १७२ न्यूटन मीटर, १,५०० ते ४,००० आरपीएम. डायरेक्ट इंजेक्शन.
- स्कोडा स्लाव्हिया, कुशाक आणि फोक्सवॅगन व्हर्टस, टायगुन, १.० टीएसआय: ९९९ सीसी, ११५ पीएस, १७८ न्यूटन मीटर, १,७५० आरपीएमपासून पुढे. डायरेक्ट इंजेक्शन.
- टाटा नेक्सॉन, १.२: ११९९ सीसी, १२० पीएस, १७० न्यूटन मीटर. एमपीएफआय.
- मारुती फ्रॉन्क्स, १.० बूस्टरजेट: ९९८ सीसी, १०० पीएस, सुमारे १४८ न्यूटन मीटर. डायरेक्ट इंजेक्शन.
- निसान मॅग्नाइट, १.० टर्बो: ९९९ सीसी, १०० पीएस, मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये १६० न्यूटन मीटर. एमपीएफआय.
- महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ, १.२: दोन प्रकार. एमपीएफआयचं सुमारे ११० पीएस आणि २०० न्यूटन मीटर, डायरेक्ट इंजेक्शनचं १३० पीएस आणि २३० न्यूटन मीटर.

ही सगळी तीन सिलिंडरची आहेत. थांबलेल्या गाडीत थोडी थरथर जाणवते, तो बिघाड समजू नका.

आता एक साधा हिशेब करा. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७,०००. उत्तर येतं ते त्या क्षणी इंजिन देत असलेले पीएस. व्हेन्यूचंच उदाहरण घ्या. टर्बो इंजिन २,००० आरपीएमला १७२ न्यूटन मीटर देतं, म्हणजे साधारण ४९ पीएस. त्याच गाडीचं बिनटर्बोचं १.२ इंजिन ८३ पीएसचं आहे आणि त्याचा ११४ न्यूटन मीटरचा कमाल टॉर्क ४,००० आरपीएमला येतो. तो अख्खा २,००० ला मिळतो असं धरलं तरी ३३ पीएसच्या पुढे उत्तर जात नाही, आणि प्रत्यक्षात तेवढाही मिळत नाही. गेवराईच्या पुढे ट्रक ओलांडताना कामाला येतो तो हाच फरक. कमाल पीएस ५,५००-६,००० आरपीएमला मिळतात, आणि तिथपर्यंत आपल्यापैकी बहुतेकजण इंजिन कधी नेतच नाहीत.

आपल्या भागाचा एक मुद्दा माहितीपत्रकात सापडणार नाही. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाबच सुमारे ६ टक्के कमी. वर एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडला पारा ४३ च्या पुढे गेला की २५ अंशांच्या हवेपेक्षा ती आणखी ६ टक्के विरळ होते. साध्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात घटते. टर्बो जास्त वेगाने फिरून ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. त्यामुळे गाडीत बसणाऱ्याला उन्हाळा फारसा जाणवत नाही, पण टर्बोला तो चांगलाच जाणवतो, कारण तेवढ्याच कामासाठी त्याला जास्त फिरावं आणि तापावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे हेच कारण आहे.

पायरी ३: टिकाऊपणाचे प्रश्न शोरूममध्येच विचारा

पहिला प्रश्न इंजेक्शनचा. एमपीएफआयमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडे फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल २०० बारच्या वरच्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये जातं. त्याने ताकद आणि ॲव्हरेज सुधारतं, पण व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला ऑइलच्या वाफेचा कार्बन साठत जातो. साधारण ७०-८० हजार किलोमीटरनंतर गाडी सकाळी अडखळत सुरू होऊ लागली, तर या कार्बनचा संशय घ्यावा. तो काढण्यासाठी अक्रोडाच्या टरफलाचा भुगा दाबाने मारतात, आणि त्याची यंत्रणा तालुक्याच्या गॅरेजमध्ये सहसा नसते. जवळचं मोठं शहर शंभर किलोमीटरवर असेल आणि गाडी दहा वर्षं ठेवायची असेल, तर मी एमपीएफआय टर्बोकडे झुकेन.

दुसरा प्रश्न टायमिंगचा, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला इंजिनात चेन आहे की बेल्ट. बेल्ट असला म्हणून इंजिन कच्चं ठरत नाही. टीएसआयच्या ईए२११ इंजिनात बेल्टच आहे. बेल्ट मुदतीत बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, एवढं लक्षात ठेवा आणि मुदत लिहून घ्या. जुन्या बाजारात फोर्ड इकोस्पोर्टचं १.० इकोबूस्ट दिसतं. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ ठरलेलं हे इंजिन, पण त्याचा बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असतो. चुकीचं ऑइल घातलं की बेल्टचा रबर सुटतो, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला ऑइल मिळेनासं होतं. तशी गाडी घेताना सगळी बिलं बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

तिसरा प्रश्न वॉरंटीचा. वाढीव वॉरंटीत टर्बो, हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर येतात का, हे तोंडी नको, कागदावर बघा.

पायरी ४: टेस्ट ड्राइव्ह दुपारी, माणसं भरून

सकाळच्या गारव्यात एकट्याने रिंग रोडवर मारलेली चक्कर काहीच सांगत नाही. घरातली तीन-चार माणसं घेऊन दुपारी दोनला जा, एसी पूर्ण चालू ठेवा. संभाजीनगरला असाल तर दौलताबादहून खुलताबादचा चढ मागा, बीडला मांजरसुंब्याचा घाट. घाट नसेल तर उड्डाणपूल चालेल.

तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला गाडी स्थिर करा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू निम्म्यावर न्या. ओढ कोणत्या आकड्याला सुरू होते ते बघा. काही गाड्या १,६०० ला जाग्या होतात, काही १,९०० पर्यंत सुस्त असतात. त्या सुस्तीला टर्बो लॅग म्हणतात. गावातल्या गर्दीत आणि स्पीड ब्रेकरवर तुमचा सगळा वेळ याच आकड्यांच्या आसपास जाणार आहे, त्यामुळे १२० पीएसची सुस्त गाडी आणि १०० पीएसची जागी गाडी यांत मी दुसरी निवडेन. ऑटोमॅटिक घेत असाल तर चढावर रांगेत मुंगीच्या चालीने चालवून बघा. कोरड्या डबल क्लचचे (ऑइलशिवाय चालणाऱ्या दोन क्लचचे) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अशाच वेळी तापतात. भरल्या बाजारपेठेतून रोज जाणाऱ्यांना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोहोचवणारा ऑटोमॅटिक, जास्त सुखाचा.

पायरी ५: ऑइल, ऑइल आणि ऑइल

बाकीचं सगळं विसरलात तरी एवढी पायरी नीट वाचा.

टर्बोचा दांडा मिनिटाला २ लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो. त्याला आधार असतो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. एका टोकाला एक्झॉस्टचा वायू, पेट्रोलमध्ये तो ९५० अंशांच्या आसपास आणि जोरात चालवताना त्याहून वर. डिझेलचा एक्झॉस्ट यापेक्षा बराच थंड असतो. जुन्या डिझेलचा टर्बो दुर्लक्ष करूनही दीड लाख किलोमीटर गेला म्हणून हाही जाईल, हा हिशेब म्हणूनच चुकतो. ऑइल जुनं झालं, पातळ झालं किंवा जागच्या जागी तापलं, की भाताच्या पातेल्याच्या तळाशी जशी करप धरते तसा कार्बनचा थर टर्बोच्या बारीक ऑइल नळीत धरतो. नळी अरुंद होते, ऑइल उशिरा पोहोचतं, बेअरिंग झिजतं. टर्बोतला दोष म्हणून जे बिल फाडलं जातं, त्याची सुरुवात पुष्कळदा या नळीत झालेली असते.

तर करायचं काय?

गाडीचं मॅन्युअल उघडा आणि ऑइलचा ग्रेड स्वतः बघा. ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०, जे लिहिलंय तेच. त्यासोबत दर्जाची खूणही बघा. एपीआय एसपी हा ऑइलचा दर्जा (एपीआय ही अमेरिकेतली दर्जा ठरवणारी संस्था) २०२० मध्ये आला आणि टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांची एक मोठी अडचण त्यात लक्षात घेतलेली आहे. कमी आरपीएमवर जास्त भार आला की सिलिंडरमध्ये ठिणगीच्या आधीच स्फोट होतो आणि पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमचं प्रमाण जास्त असलं की हा धोका वाढतो. एसपी ऑइलची त्यासाठी वेगळी चाचणी घेतलेली असते. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांना त्यांची स्वतःची ऑइल मानकं आहेत, तो क्रमांक डब्यावर छापलेला असला पाहिजे.

आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टरसाठी १५डब्ल्यू-४० चा डबा कायम असतो. तो या इंजिनात लिटरभरसुद्धा ओतू नका. डिझेलसाठी बनवलेलं जाड ऑइल सकाळी टर्बोपर्यंत उशिरा पोहोचतं, आणि त्यातले घटक पेट्रोल टर्बोला मानवणारे नसतात. रस्त्यात ऑइल कमी पडलंच तर पेट्रोल गाडीचं ५डब्ल्यू-३० शोधा.

बदलण्याची मुदत. बहुतेक कंपन्या १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष सांगतात, काही १५,०००. त्याच मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर खडतर वापरासाठी वेगळं वेळापत्रक असतं: धूळ, कडक ऊन, छोट्या फेऱ्या, भरलेली गाडी. मराठवाड्यातला वापर थेट त्याच यादीत बसतो. माझं मत स्पष्ट आहे, ७,००० ते ७,५०० किलोमीटरला किंवा वर्ष संपताच बदला, जे आधी येईल ते. वर्षातून एखादं जादा सर्व्हिसिंग होईल, पण टर्बो बदलण्यापुढे तो खर्च काहीच नाही. वैशाखाची लगीनसराई सुरू होण्याआधी ऑइल ताजं असेल अशी तारीख धरली तर उत्तम.

फिल्टर दर वेळी नवा. आणि दोन आठवड्यांतून एकदा, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गार असताना दांडी काढून पातळी बघा. टर्बो इंजिन थोडं ऑइल खातं. पातळी कमी होण्यापेक्षा वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर छोट्या फेऱ्यांमुळे पेट्रोल त्यात उतरतंय. मुदतीची वाट न बघता बदला.

पायरी ६: चालवण्याच्या सवयी बदला

डिझेलवाल्यांना चौथा-पाचवा गिअर लवकर टाकून १,२०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबायची सवय असते. वर सांगितलेला अवेळी स्फोट नेमका याच स्थितीत होतो. पेट्रोल टर्बोला चढावर किंवा ओव्हरटेक करताना एक गिअर खाली घ्या, इंजिन २,००० च्या वर ठेवा, मग दाबा. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका, त्याला त्यात आराम असतो.

सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट पुरे. पुढचे चार-पाच किलोमीटर ३,००० आरपीएमच्या आत. समृद्धीच्या इंटरचेंजला लागून घर असणाऱ्यांनी हे विशेष पाळावं, कारण तिथे गार इंजिन दोन मिनिटांत १०० च्या वेगाला जातं.

थांबतानाही तसंच. समृद्धीवर १२० ची वेगमर्यादा आहे, त्या वेगाने जालन्याहून आलात आणि गाडी थेट ढाब्यापुढे लावून चावी फिरवली, तर ऑइलचा पंप थांबतो आणि तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच भाजतं. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा. ते जमलं नाही तर एक-दीड मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करा. कन्नडचा औट्रम घाट चढून आल्यावरही हेच. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाण्याचा छोटा विजेचा पंप फिरत राहतो आणि टर्बो गार करतो. तो आवाज ऐकून बॅटरीची वायर काढू नका. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय असेल तर भर दुपारी हायवेवरून शहरात शिरताना तिचं बटण बंद ठेवा.

१०० ऐवजी १२० ने गेलात तर हवेचा अडथळा ४४ टक्क्यांनी वाढतो. टर्बो पेट्रोलच्या ॲव्हरेजवर याचा परिणाम डिझेलपेक्षा जास्त दिसतो, कारण मोठा भार आला की इंजिन स्वतःला गार ठेवण्यासाठी जादा पेट्रोल टाकतं. ९०-१०० ला चांगलं ॲव्हरेज देणारी गाडी १२० ला बरीच खाली येते. त्यात बिघाड काही नसतो.

पायरी ७: कूलंटमध्ये बोअरचं पाणी नको

रेडिएटरची पातळी खाली गेली की बाटलीतलं किंवा बोअरचं पाणी ओतायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. आपल्या बोअरचं पाणी जड. ज्या क्षारांनी गिझरची कॉइल वर्षात पांढरी होते तेच क्षार टर्बोभोवतीच्या अरुंद पाण्याच्या वाटेत बसतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तयार कूलंट किंवा कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर, एवढंच टाका. आणीबाणीत साधं पाणी टाकावं लागलं तर घरी पोहोचल्यावर सगळं काढून नवीन भरून घ्या. दोन वेगळ्या रंगांची कूलंट मिसळू नका. आणि पातळी वारंवार खाली जात असेल तर भरत बसू नका, गळती शोधा.

गाडी धुताना रेडिएटर आणि इंटरकूलर (टर्बोकडून आलेली गरम हवा गार करणारा भाग) यांच्या जाळीतला मातीचा थर कमी दाबाच्या पाण्याने काढा. जोराचा फवारा मारला की पातळ पत्रे वाकतात आणि हवा अडते. काही इंजिनांत, जसं १.० टीएसआयमध्ये, इंटरकूलर पाण्याने गार होणारा आणि इनटेकमध्येच बसवलेला असतो. तिथे कूलंटचं महत्त्व दुप्पट.

पायरी ८: फुफाटा, फिल्टर आणि उंदीर

काळ्या मातीचा फुफाटा उडवत गावापर्यंत जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीच्या मुदतीआधीच भरतो. दर ५,००० किलोमीटरला उघडून बघा. पंक्चरच्या दुकानातल्या हवेने झोडपू नका, कागद फाटतो आणि एवढ्याशा फटीतून गेलेली रेती टर्बोच्या पात्यांना खाते. फार मळला असेल तर बदला. बॉक्सचं झाकण आणि क्लिपा नीट बसल्याचं स्वतः बघा.

सुगीच्या दिवसांत शेतात किंवा गोठ्याशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदीर वायरिंगसोबत बारीक व्हॅक्यूमच्या नळ्याही कुरतडतात. पिकअप अचानक गेला तर आधी बोनेट उघडून या नळ्या बघा.

पायरी ९: पेट्रोल, प्लग, कॉइल

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल आपल्याकडे फार भीती आहे, तीही लातूर-धाराशिवच्या उसाच्या पट्ट्यात. टर्बो इंजिनासाठी इथेनॉलचा एक फायदा खरा आहे: त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वरचा, सुमारे १०८, आणि बाष्प होताना ते हवा गार करतं, त्यामुळे अवेळी स्फोट कमी होतो. तोटाही खरा आहे. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतंच. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप आणि सील या इंधनासाठी केलेले आहेत. त्याआधीची असेल तर टाकीच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा आणि रबरी नळ्या दर सर्व्हिसिंगला तपासा. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात दोन-दोन महिने गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी रिकामी सोडू नका.

प्लग मॅन्युअलमधल्याच क्रमांकाचे घ्या. टर्बोच्या दाबाखाली ठिणगी पडणं अवघड असतं, म्हणून फटही ठरलेली असते. बहुतेक इंजिनांत ते ४० ते ६० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलावे लागतात. चढावर जोर दिला की झटके बसतात आणि सपाटीवर गाडी ठीक चालते, हे थकलेल्या प्लगचं किंवा कॉइलचं लक्षण आहे.

पायरी १०: जुनी टर्बो पेट्रोल घेताना

“काका, एकदम शोरूम कंडिशन, एकाच हातात चाललीय,” असं म्हणणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की गाडी सकाळी माझ्यासमोर पहिल्यांदा सुरू करायची. गेल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर उद्या येतो म्हणून परत या.

आधी बिलं. किती किलोमीटरला ऑइल बदललं आणि डब्यावर कोणता ग्रेड होता, दोन्ही बघा. मधली दोन वर्षं कोरी असतील तर गाडी कितीही चमकत असो, किंमत तशी धरा किंवा सोडून द्या. मग ऑइलचं झाकण उघडून आत बॅटरी मारा. तपकिरी चमक चालेल, काळा घट्ट चिखल नको. नंतर इंजिन तापू द्या, चार-पाच मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगून तुम्ही मागे उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गोडसर वासाचा, न विरणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कुठेतरी गळतेय.

इंटरकूलरचा खालचा पाइप मिस्त्रीकडून काढून घ्या. आत ऑइलचा ओलसर पापुद्रा असणं साधारण आहे. वाटीभर ऑइल साचलं असेल तर सौदा थांबवा. शेवटी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा, आणि नुकतेच कोड पुसलेत का तेही बघायला सांगा. गाडी रिमॅप केलेली असेल, म्हणजे संगणकात फेरफार करून पीएस वाढवलेले असतील, तर मी ती घेणार नाही.

पायरी ११: “टर्बो गेला” ऐकल्यावर

पिकअप गेला, लाइट लागला, आणि गॅरेजमध्ये टर्बो बदलायला सांगितलं. होकार देण्याआधी हा क्रम धरा. स्कॅनरवर पी०२९९ कोड आला असेल तर त्याचा अर्थ बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, कमी पडतोय एवढाच. टर्बो मेला असं तो कोड सांगत नाही. आधी टर्बोपासून इंजिनापर्यंतचे सगळे पाइप आणि त्यांच्या क्लिपा बघून घ्या. जोर दिल्यावर ‘फुस्स’ असा आवाज येत असेल तर बहुधा इथेच सापडेल. मग वेस्टगेटची (जादा दाब रोखणाऱ्या झडपेची) कांडी मोकळी हलते का, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडल्यावर दाब वळवणारी झडप) फाटलाय का, दाब मोजणारा सेन्सर मळलाय का. मग प्लग आणि कॉइल. हे सगळं ठीक असेल तरच टर्बोचं तोंड उघडून दांडा हाताने हलवून बघायला सांगा. बाजूला किंचितशी हालचाल चालते. आतबाहेर खेळ किंवा पात्यांवर घासल्याच्या खुणा असतील तर मात्र टर्बो गेलाय.

चालू गाडीत शिट्टीचा आवाज वाढत किंचाळण्यासारखा झाला आणि निळा धूर सुटला तर पुढचं गाव गाठायचा प्रयत्न करू नका. तुटलेल्या सीलमधून इंजिन स्वतःचं ऑइल ओढत असतं. बाजूला घ्या, बंद करा, टोइंग बोलवा.

नवा टर्बो बसवताना जॉब कार्डवर चार गोष्टी लिहून घ्या आणि जुने भाग दाखवायला सांगा. ऑइल देणारी नळी आणि तिच्या बोल्टमधली जाळी नवी. ऑइल परत नेणारी नळी साफ. इंटरकूलर काढून धुतलेला, कारण जुन्या पात्यांचे कण आणि ऑइल त्यातच साठलेलं असतं. आणि पहिल्यांदा सुरू करण्याआधी टर्बोत हाताने ऑइल भरून, ठिणगी बंद ठेवून इंजिन फिरवून ऑइलचा दाब तयार केलेला. यातलं पहिलं जरी राहिलं, तरी जुन्या नळीतली करप नव्या टर्बोला काही हजार किलोमीटरांत पुन्हा त्याच ठिकाणी आणून ठेवते.